मदत हवी आहे: प्रागमध्ये तीन दिवस, सोबत आई, आणि रोजचे फोटो स्वतःच्या संकेतस्थळावर

निशिगंध
सप्टेंबरच्या मध्यात शुक्रवार ते रविवार प्रागला आहोत. आम्ही दोघं आणि आई. आईचे गुडघे कुरकुरतात. सपाटीवर तासभर चालेल, पायऱ्या नकोत. मुक्काम नामेस्ती रेपुब्लिकी मेट्रोजवळ. सध्याचा बेत असा: शुक्रवारी जुनं शहर, शनिवारी ज्यू वस्ती, रविवारी सकाळी किल्ला.
१) बेतात काही चुकतंय का?
२) किल्ल्यावर कमीत कमी चढ कुठून?
३) चार्ल्स पुलाचा गर्दीविना फोटो किती वाजता मिळेल?
४) रोज रात्री स्वतःच्या संकेतस्थळावर फोटो चढवायचे आहेत. साधी एचटीएमएल पानं, लिनक्स सर्व्हर, सोबत मॅक. फोटो आयफोन आणि डीएसएलआर दोन्हीवर. काय काळजी घ्यावी?

पायपीट
बेत नेमका उलटा झालाय. शनिवारी ज्यू म्युझियम बंद असतं, म्हणजे सिनेगॉग आणि जुनी दफनभूमी दोन्ही गेलं. रविवारी सकाळी सेंट व्हिटस कॅथीड्रलमध्ये प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारी बारानंतर सोडतात. म्हणून किल्ला शुक्रवारी, ज्यू वस्ती रविवारी, आणि मधला शनिवार जुनं शहर व व्हिशेह्राद या नदीकाठच्या गढीला द्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्यू नववर्ष आणि योम किप्पुर येतात, त्या दिवशीही म्युझियम बंद. तुमच्या तारखा त्यांच्या संकेतस्थळावर ताडून बघा आणि मगच तिकीट काढा.

किल्ला: मालोस्त्रान्स्का मेट्रोहून जुन्या पायऱ्या चढत जायचा सल्ला बरेच जण देतात. आईंना तिकडे नेऊ नका. मेट्रो बी लाइनने दोन स्टेशनं, नारोद्नी त्रीदाला उतरा. तिथून २२ नंबरची ट्राम, ती नदी ओलांडून वळणं घेत वर चढते. 'प्राझ्स्की ह्राद' थांब्यावर उतरलात की उत्तरेच्या पुलावरून जवळजवळ सपाट चालत दुसऱ्या चौकात पोचता. फाटकाशी बॅगा तपासू शकतात, तेव्हा पाठीवरची सॅक छोटी ठेवा.

आवारात शिरायला तिकीट नाही, ते सकाळी ६ ते रात्री १० उघडं असतं. तिकीट लागतं ते इमारतींना: कॅथीड्रल, जुना राजवाडा, सेंट जॉर्ज बॅसिलिका, सोनारगल्ली. त्या ९ ला उघडतात. तिकीट काढल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही चालतं, त्यामुळे आई दमल्या तर उरलेलं शनिवारी बघता येतं. नऊच्या ठोक्याला आधी कॅथीड्रल गाठा, कारण दहानंतर रांग वाढतच जाते. आत गेल्यावर डावीकडे तिसऱ्या चॅपलमध्ये आल्फोन्स मुखा या चेक चित्रकाराची रंगीत काच आहे. १३४४ साली सुरू झालेलं कॅथीड्रलचं काम १९२९ मध्ये संपलं, आणि ही काच त्याच्याही नंतरची. बाकीच्या काचांपेक्षा तिचे रंग वेगळे दिसतात ते त्यामुळे. दक्षिण मनोऱ्याचं तिकीट वेगळं आहे आणि पायऱ्या २८७, तो सोडाच.

सोनारगल्ली उताराच्या टोकाला, पूर्वेकडे आहे. तिथून पुढे सगळे पायऱ्यांनी खाली उतरतात. उतरण्यानेच गुडघे जास्त दुखतात, तेव्हा उलट फिरून त्याच ट्रामने परत या.

खडीसाखर
पुलाचं गणित उजेडावर आहे. जुन्या शहराच्या मनोऱ्याकडून पश्चिमेला बघितलं की समोर किल्ला येतो, म्हणजे सकाळी ऊन तुमच्या पाठीशी आणि किल्ल्याच्या तोंडावर. संध्याकाळी त्याच जागेवरून किल्ला काळा पडतो, आकाश तेवढं छान येतं. सप्टेंबरच्या मध्याला पावणेसातच्या आसपास सूर्योदय, तेव्हा सव्वासहाला पुलावर हजर राहा. आठनंतर नाद सोडा. ५१६ मीटरच्या त्या पुलावर ३० मूर्ती आहेत, बहुतेक सगळ्या प्रतिकृती. मूळ मूर्तींपैकी काही व्हिशेह्रादच्या तटाच्या पोटात ठेवल्या आहेत, शनिवारी जाणारच आहात तर बघून घ्या.

जुन्या टाउन हॉलवरच्या ऑर्लोय या खगोलीय घड्याळाचा दर तासाचा खेळ मिनिटभरात आटपतो आणि त्यासाठी लोक वीस मिनिटं माना वर करून उभे राहतात. त्यापेक्षा त्याच टाउन हॉलच्या मनोऱ्यावर जा, लिफ्ट आहे. खाली फरशीत २७ पांढरे क्रूस बसवलेले दिसतील. २१ जून १६२१ ला तिथे २७ बंडखोरांना मृत्युदंड दिला गेला. गर्दी घड्याळाकडे बघत त्यांच्यावरच उभी असते.

क्लेमेंटिनमच्या ग्रंथालयात फोटो काढू देत नाहीत. संकेतस्थळासाठी म्हणून तिथे जाणार असाल तर आधीच सांगून ठेवते.

बाराखडी
चौथ्या प्रश्नाबद्दल. सगळ्यात आधी डीएसएलआरचं घड्याळ. फोन आपोआप तिकडची वेळ घेतो, कॅमेरा भारतीय वेळेवरच राहतो. सप्टेंबरात फरक साडेतीन तासांचा, म्हणजे दोन्हीकडचे फोटो वेळेनुसार लावले की सकाळी सातचा पूल साडेदहाच्या फोटोंत येतो. विमानातच घड्याळ बदला. राहून गेलं तर एक्झिफटूल या प्रोग्रामने त्या सगळ्या फाइलींची वेळ एकदम साडेतीन तास मागे घेता येते.

आयफोन फोटो हेइक (HEIC) प्रकारात साठवतो, ते बऱ्याच ब्राउझरांत उघडत नाहीत. सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल' करा. लांब बाजू १६०० पिक्सेल, जेपेग दर्जा ७५ ते ८० ठेवला तर फोटो साधारण ३०० ते ५०० केबीत बसतो. दगडी भिंती आणि कौलं असलेले थोडे जड होतात.

जागेची माहिती काढून टाका, नाहीतर हॉटेलच्या खोलीतला फोटो पत्ता सांगतो. पण क्रम सांभाळा: आधी फोटो फिरवून सरळ करा, मग माहिती पुसा. दिशेची खूणही त्याच माहितीत असते. ती आधी पुसली गेली तर उभे फोटो आडवे दिसतात.

फाइलींच्या नावात चेक टोपीवाली अक्षरं (č, ř सारखी) नकोत, देवनागरीही नको. मॅकवर टोपीवालं अक्षर कधी एकसंध साठवलं जातं, कधी अक्षर आणि टोपी वेगळी. डोळ्यांना दोन्ही सारखीच, लिनक्सला मात्र दोन निराळी नावं, आणि फोटोच्या जागी मोडकं चित्र. साधी छोटी रोमन अक्षरं, अंक आणि आडवी रेघ, बस्स. पानाच्या मजकुरात चेक नावं खुशाल लिहा. फक्त वेबफाँट (पानासोबत येणारा फाँट) हलका करायला त्यातली काही अक्षरं काढली असतील तर विस्तारित लॅटिन संच ठेवा, नाहीतर टोपीवाली अक्षरं दुसऱ्याच फाँटात उमटतात.

निशिगंध
सगळ्यांचे आभार, बेत फिरवला. दोन राहिले: तिकीट-पैसे, आणि आईचं शाकाहारी जेवण?

पायपीट
७२ तासांचं कागदी तिकीट घेतलंत तर पहिल्या प्रवासाला पिवळ्या यंत्रात एकदाच छापून घ्या. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड होतो. ॲपवरचं तिकीट लागू व्हायला थोडा वेळ घेतं, ट्राममध्ये चढण्याआधीच सुरू करा.

कार्ड बहुतेक सगळीकडे चालतं. एटीएमने 'रुपयांत हिशेब करू का' विचारलं तर नाही म्हणा, तिथलं चलन कोरुनाच निवडा. मनी एक्स्चेंजमध्ये फसल्यासारखं वाटलं तर पावती जपा. १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करून मागण्याचा हक्क तिथल्या कायद्यात २०१९ पासून आहे. रस्त्यावर मात्र कोणाकडूनही पैसे बदलू नका.

खडीसाखर
जेवणाचं: चेक भाषेत 'बेझ मसा' म्हणजे मांसाविना. तेवढ्यावर थांबू नका, हॅम आणि सूपमधला मांसाचा रस वेगळा विचारा. स्माझेनी सिर, म्हणजे तळलेलं चीज, बटाट्यासोबत सगळीकडे मिळतं. ब्रांबोराक हे बटाट्याचं थालीपीठ फार चविष्ट, पण काही ठिकाणी डुकराच्या चरबीत तळतात, तेव्हा तेल कुठलं ते विचारूनच घ्या.