क्रिकेटच्या सामन्यावरून प्रमाण वेळ आणि वेग शिकवायचाय, तासिकेत कसं बसवावं?

खडूफळा: आठवीचा ‘स्थानिक वेळ व प्रमाण वेळ’ हा धडा आणि नववीची गती, दोन्ही क्रिकेटच्या आधारानं घ्यायचं आहे. वर्गात ४५ मुलं, तासिका ३५ मिनिटांची, हाताशी एक मोबाइल आणि मोजपट्टी. सामन्याचं नाव काढलं की गप्पा रंगतात आणि धडा बाजूला राहतो. सामन्यातलं नेमकं काय उचलावं?

रेखावृत्त: एकच आकडा उचला. मेलबर्नची २६ डिसेंबरची कसोटी तिथल्या सकाळी १०:३० ला सुरू होते, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे ५ वाजलेले असतात. फळ्यावर एवढंच लिहा आणि नकाशासंग्रह उघडायला सांगा.

मुलं मेलबर्नचं रेखावृत्त १४५° पूर्व घेतील, त्यातून आपलं प्रमाण रेखावृत्त (ज्यावरून देशभरातली घड्याळं लावतात ते) ८२° ३०′ वजा करतील, उरलेल्या ६२° ३०′ ला अंशामागे ४ मिनिटांनी गुणतील. येतील २५० मिनिटं, म्हणजे ४ तास १० मिनिटं. प्रत्यक्षात फरक साडेपाच तासांचा! इथे उत्तर सांगून टाकू नका, सगळा धडा या न जुळणाऱ्या ८० मिनिटांतच आहे.

फक्त विचारा, आपण मुंबईचं ७३° का नाही घेतलं? मग मुलं मेलबर्नचं प्रमाण रेखावृत्त शोधायला लागतात. ते १५०° पूर्व. फरक ६७° ३०′, म्हणजे साडेचार तास. राहिलेला एक तास उन्हाळ्यात घड्याळं पुढे केल्याचा, कारण डिसेंबर हा तिथला उन्हाळा. (यात ऋतूंचा धडाही आला.) पडताळ्याला ब्रिस्बेन द्या: क्वीन्सलँडमध्ये घड्याळं पुढे करत नाहीत, म्हणून त्याच दिवशी तिथला फरक साडेचार तासांचाच. पर्थ गृहपाठाला, १२० अंशांवरून.

खडूफळा: हे एका तासिकेत नक्की बसेल. नववीचं कसं करावं?

टप्पा_कुठे: आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. टीव्हीवर दिसतो तो ताशी १४० किमी हा चेंडू हातातून सुटतानाचा वेग, रडारनं मोजलेला. मोबाइलवरून निघतो तो सरासरी वेग. हे न सांगता आकडे ताडून पाहिले तर मुलांच्या मनात कायमचा घोळ राहतो.

टेनिसचा चेंडू घ्या. मोबाइल खेळपट्टीच्या बाजूला, मध्यावर, दहाबारा पावलं लांब स्टुलावर टेकवून ठेवा, हातात धरू नका. गोलंदाजाच्या मागून चित्रण केलं तर टप्पा कधी पडला तेच कळत नाही. सेटिंग सेकंदाला ३० फ्रेमचं. टप्प्याची जागा चित्रफितीवरून ठरवू नका, कोनामुळे ती सरकते. मातीवर आधी पाणी शिंपडा, चेंडूचा ठसा उठतो. गोलंदाजाच्या पुढच्या पावलापासून त्या ठशापर्यंत मोजपट्टी लावा.

आता चेंडू सुटल्यापासून टप्प्यापर्यंतच्या फ्रेम मोजा. समजा २७ आल्या, म्हणजे ०.९ सेकंद. अंतर १५ मीटर असेल तर वेग सेकंदाला १६.७ मीटर, ताशी ६० किमी. एक फ्रेम इकडेतिकडे झाली की ताशी दोनेक किमी बदलतात, म्हणून तिघांकडून वेगवेगळं मोजून घ्या.

स्लो मोशन वापरणार असाल तर जपून. २४० फ्रेमचं चित्रण पडद्यावर ३० च्या गतीनं चालतं. पडद्यावरचे सेकंद धरले तर वेग आठपट कमी येतो आणि चूक कुठे झाली ते मुलांना सापडत नाही.

दवबिंदू: रात्रीच्या सामन्यात ‘दव पडलंय’ हे मुलांनी ऐकलेलं असतंच. स्टीलच्या पेल्यात अर्धं साधं पाणी आणि तापमापी ठेवा, बर्फाचा एकेक तुकडा टाकून ढवळत राहा. पेल्याचा बाहेरचा भाग धुरकट झाला की लगेच तापमान वाचा, तोच दवबिंदू. सगळा बर्फ एकदम टाकला तर तो क्षण हुकतो. मुलं तोंड जवळ नेतात, श्वासाची वाफ बसून पेला आधीच धुरकटतो, म्हणून वहीचा पुठ्ठा आड धरायला सांगा. प्लास्टिकचा पेला नको, त्याचा बाहेरचा पृष्ठभाग आतल्या पाण्याइतका गार होत नाही.