लार्स, बिआंका आणि अख्खं गाव: चांगुलपणा की नुसतं सोंग?

धागाकर्ती: ‘लार्स अँड द रिअल गर्ल’ (२००७) पुन्हा पाहिला. विस्कॉन्सिनमधल्या गावातला बुजरा लार्स (रायन गॉसलिंग) इंटरनेटवरून माणसाएवढी बाहुली मागवतो आणि ‘ही माझी मैत्रीण बिआंका’ म्हणून भाऊ-वहिनीपुढे आणून बसवतो. डॉक्टरीणबाई सांगतात, त्याच्या कलाने घ्या. मग गाव तिला पार्टीला बोलावतं, इस्पितळात कामाला नेतं, शाळेच्या मंडळावरही निवडून देतं! पण लार्सची टिंगल कुठेच नाही. हसू येतं ते चेहरा सरळ ठेवताना बाकीच्यांची जी तारांबळ उडते तिचं. नॅन्सी ऑलिव्हरच्या पटकथेला ऑस्कर नामांकन होतं, उगीच नाही.

प्रतिसाद १: मला भयंकर गुळचट वाटला. छोट्या गावात कुणी जरा वेगळं वागलं की नाव पडतं आणि ते जन्मभर चिकटतं. इथे एकही धड खवट माणूस नसावा? आणि ती बाहुली मुळात कशासाठी बनवतात, यावर दोन विनोद मारून सिनेमा पुढे सटकतो.

धागाकर्ती: चर्चची बैठक विसरलात का? तिथे नाकं मुरडतातच की. मग एक बाई एकेकाच्या घरचं काढते: कुणाचा भाऊ मांजरांना झगे घालतो, कुणाच्या भाच्याने उडत्या तबकड्यांच्या क्लबला पैसे वाहिले. देवमाणसं नाहीत हो ती, आपलंही झाकलेलं आहे हे ओळखून आहेत.

प्रतिसाद २: माझा आक्षेप वेगळा. बिआंकाचं ब्लड प्रेशर कमी आहे असं सांगून डॉक्टरीणबाई दर आठवड्याला दोघांना बोलावते आणि बोलतं करते लार्सला. ही फसवणूकच ना? शिवाय लार्सच्या जागी एखादी बाई पुतळा घेऊन फिरली असती, तर गाव इतकं समजूतदार राहिलं असतं?

धागाकर्ती: दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पहिल्याबद्दल मात्र भांडेन. त्याला समजावून काही उपयोग नव्हता, भावाने ते करून पाहिलंच होतं. आणि गावाला हे सोंग फुकट पडत नाही. ‘कुणाला माझी पर्वा नाही’ म्हणून लार्स कुरकुरतो तेव्हा गरोदर वहिनी कडाडते. बिआंकाची खुर्ची ढकलायची, तिला न्हाऊ घालायचं, कपडे चढवायचे, उचलून निजवायचं, हे सगळं कोण करतं आणि कुणासाठी? वर, ती काही हलकी नाही, हेही ऐकवते!

प्रतिसाद १: वहिनीचा सीन मान्य. मला पटतो तो भाऊ. लोक लार्सला हसतील म्हणतो, त्यावर डॉक्टरीण म्हणते, तुलाही. लाज कुणाची वाटतेय ते तिथे बरोबर उघडं पडतं. तसे चार भाऊ गावात असते तर मी तुमच्या बाजूने असतो.