मुलाच्या पोटगीची थकबाकी: ती म्हणते १,१४,०००, तो म्हणतो ७१,०००. वसुलीला कुठून सुरुवात करावी?

पिंपळपान
मावसबहिणीसाठी विचारतोय. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा (पोटगीचा) अर्ज सप्टेंबर २०२३ चा, आदेश १४ फेब्रुवारी २०२५ चा. नऊ वर्षांच्या मुलासाठी दरमहा ६,००० रुपये, अर्जाच्या तारखेपासून. डिसेंबर २०२५ अखेर २८ महिने भरले, म्हणजे १,६८,०००. यूपीआयने तुकड्यातुकड्यांनी ५४,००० आले. मुलाचे वडील म्हणतात, शाळेत परस्पर २८,००० भरलेत आणि १५,००० रोख दिलेत, तेही धरा. रोखीची पावती नाही. बहिणीचा पगार हातात १७,५०० येतो, त्यातलं घरभाडंच ६,५००. वकील परवडत नाही. आधी काय करायचं? आणि शाळेची फी पोटगीतून वजा होते का?

रोजनामा
आधी तारीख पाहा, बाकी सगळं नंतर. वॉरंट काढून वसुली करायची तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज लागतो. हे कलम १२५(३) मध्ये होतं आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४(३) मध्ये तसंच आहे. अर्जात दोन्ही कलमं लिहा. आदेशाआधीच्या १७ महिन्यांचे १,०२,००० आदेशाच्या दिवशी देय झाले, म्हणजे वसुली अर्ज १३ फेब्रुवारी २०२६ च्या आत दाखल व्हायलाच हवा. ‘बोलणी चालू आहेत, बघू’ म्हणत थांबण्यात बहुतेकांचं इथेच नुकसान होतं. बोलण्यांनी मुदत थांबत नाही.

मुदत हुकली म्हणून हक्क बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने पूनगोडी विरुद्ध थंगवेल (२०१३) मध्ये तेच सांगितलंय, आणि रजनेश विरुद्ध नेहा (४ नोव्हेंबर २०२०) मध्ये पोटगीचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा दरखास्त (म्हणजे वसुलीचा दिवाणी अर्ज) करून वसूल करता येतो असं म्हटलंय. पण तुरुंगाचा धाक हातातून जातो, आणि हट्टी माणसाला हलवतो तो धाकच.

वकिलाचं म्हणाल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १५१०० ला फोन करा किंवा शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात आधार कार्ड आणि आदेश घेऊन जा. आदेशाच्या खऱ्या नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका. नक्कल मिळायला वेळ जातो आणि तिच्याविना पुढचं सगळं अडतं.

वहीखाते
तक्ता नीट असेल तर निम्मा वाद तिथेच संपतो. २८ महिने, २८ ओळी. रकाने असे: महिना, देय, मिळालेली रक्कम, मिळाल्याची तारीख, कशाने मिळाली, यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक, बँक उताऱ्याचं पान, मान्य की वादातली, आणि शेवटी चढती बाकी. एक ओळ नमुन्याला: ‘मे २०२५, देय ६,०००, मिळाले ४,०००, ९ मे, यूपीआय, उतारा पान ७, मान्य, या महिन्याची बाकी २,०००.’

यूपीआय ॲपचे स्क्रीनशॉट जोडू नका, शाखेतून शिक्क्याचा उतारा घ्या. आणि तो कोर्टात देण्याआधी स्वतःच्या खात्यात रोख भरणा झालेल्या तारखा तपासा. रोख १५,००० दिल्याची तारीख त्यांनी १० जून सांगितली आणि ११ जूनला बहिणीच्या खात्यात १५,००० रोख जमा दिसले, तर ‘मिळालेच नाहीत’ हे वाक्य तिच्यावरच उलटेल. तसा भरणा असेल तर तो कशाचा, हे आधी शोधून ठेवा.

रोजनामा
शाळेच्या फीबद्दल: आदेशात ‘आईकडे दरमहा द्यावेत’ असं असेल तर परस्पर भरलेली फी आपोआप वजा होत नाही. वजावट मागायची तर मुद्दा त्यांनी मांडायचा आणि पुरावाही त्यांनीच द्यायचा. पण बहिणीनेच कधी ‘या वेळची फी तुम्ही भरा’ असा निरोप पाठवला असेल तर तिची बाजू लंगडी पडते. तसं असेल तर तेवढी रक्कम आपणहून मान्य करा. तक्त्यात एक आकडा प्रामाणिकपणे सोडलेला दिसला की बाकीच्या आकड्यांवर न्यायाधीशांचा विश्वास बसतो. शाळेकडून पावतीची दुसरी प्रत घ्या आणि पैसे कोणाच्या खात्यातून गेले ते पाहा. अनेकदा पैसे आजोबांनी भरलेले असतात.

रोख दिल्याचं सिद्ध करण्याचं ओझं देणाऱ्यावर आहे. दिवाणी दरखास्तीत तर नियम पक्का आहे, दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २१ नियम २: कोर्टाबाहेर दिलेली रक्कम कोर्टात नोंदवली नाही, तर वसुली करणारं कोर्ट ती धरत नाही. व्हॉट्सॲपचे निरोप पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं. नुसत्या छापील पानांवर हरकत येते.

वादातले ४३,००० बाजूला ठेवा. ७१,००० त्यांना मान्यच आहेत ना? मग पहिल्याच तारखेला अर्ज द्या की मान्य रक्कम आधी भरायला सांगावी, वादातल्या रकमेचा पुरावा मागाहून घ्यावा. हे न मागितल्यामुळे पूर्ण रक्कम सहासहा महिने अडकून राहते.

इंद्रायणीकाठ
दुसऱ्या बाजूचा प्रश्न विचारतो. ओव्हरटाइम बंद होऊन पगार ३१,००० वरून २२,००० वर आला तर वडिलांनी ६,००० ऐवजी ४,००० दिले तर चालतात का?

रोजनामा
नाही. आदेश बदलेपर्यंत दर महिन्याला २,००० थकत जातात. पगार घटला त्याच महिन्यात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली (पूर्वीचं १२७) रक्कम कमी करण्याचा अर्ज टाकायचा. जुन्या-नव्या पगारपत्रकांसह मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र जोडायचं. तोवर जमेल तेवढे खात्यातूनच द्यायचे आणि शेऱ्यात ‘पोटगी जाने २०२६’ असं लिहायचं. शेरा नसला की ती रक्कम भेट होती, उसने फेडले की पोटगी, यावर दोन तारखा जातात. रोखच द्यावी लागली तर सहीची पावती घ्या, ५,००० च्या वर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून. ‘मुलाला भेटू देत नाहीत म्हणून पैसे बंद’ हे तर कधीच करू नका. भेटीचा अर्ज वेगळा असतो, आणि उपाशी राहतं ते मूलच.

पिंपळपान
वॉरंट निघाल्यावर प्रत्यक्षात काय होतं?

रोजनामा
बऱ्याचदा ‘पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन ते परत येतं. म्हणून अर्जातच घराचा पत्ता खुणेसह, कामाचं ठिकाण, पाळीची वेळ, मोबाइल नंबर आणि गाडीचा नंबर द्या. वॉरंटचा जावक क्रमांक आणि तारीख कोर्टातून लिहून घ्या आणि पोलीस ठाण्यात त्या क्रमांकाने विचारा. नुसत्या नावाने विचारलं तर शोधायला कोणी बसत नाही. तरीही भरले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, हे कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग (१९८९) मध्ये स्पष्ट झालंय.

माणूस पगारदार असेल तर पगारजप्ती जास्त खात्रीची. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित आहे. भविष्य निर्वाह निधीला मात्र हात लागत नाही.

वहीखाते
घरखर्चाचं सांगतो. २८ महिन्यांत ५४,००० म्हणजे महिन्याला सरासरी १,९००. त्यामुळे वहीत जमेला ६,००० लिहू नका, १,९०० पण लिहू नका, शून्य लिहा. १७,५०० मधून भाडं ६,५००, किराणा-दूध-भाजी ५,२००, गॅस आणि लाइट १,६००, मुलाची व्हॅन १,२००, बसपास आणि रिक्षा १,०००. उरले २,०००. वर्षाची फी २०,००० धरली तर महिन्याला साधारण १,७०० त्यातच बाजूला पडतात. मग पोटगीचा जो रुपया येईल तो वेगळ्या बचत खात्यात जाऊ द्या. आजारपण आणि तारखेला बुडणारी हजेरी त्यातून भागवा. याने बँक उताराही स्वच्छ राहतो, पोटगीशिवाय दुसरी नोंद त्यात नसते.

एकल पालकाच्या मुलासाठी बालसंगोपन योजनेचे महिन्याला २,२५० मिळू शकतात. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज करा, मंजुरी बाल कल्याण समिती देते. हप्ते उशिरा येतात, म्हणून तेही भाड्यात धरू नका.

पिंपळपान
आज निरोप आलाय: ६०,००० एकरकमी देतो, ‘आता काही येणे नाही’ यावर सही कर.

रोजनामा
त्या वाक्यावर सही नको. पैसे खात्यावर घ्या आणि पावती अशी लिहा: ‘दि. १४/०२/२०२५ च्या आदेशाखालील डिसेंबर २०२५ अखेरच्या थकबाकीपैकी ६०,००० रुपये मिळाले. उरलेल्या रकमेचा हक्क राखून.’ ‘पैकी’ हा शब्द विसरू नका. वसुली अर्ज मागे घेऊ नका, मिळालेल्या रकमेची पुरसीस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) त्याच अर्जात द्या. त्यांच्याच हिशोबाने मग ११,००० उरतात, ते लगेच मागा.

उरलेल्या वादावर तडजोड करायची असेल तर लोकअदालतीत करा आणि तीन गोष्टी लिहून घ्या. चालू ६,००० दर महिन्याच्या सात तारखेला, हप्त्यापासून वेगळे. थकबाकीचा हप्ता त्यांना खरोखर झेपेल एवढाच, २,००० झेपत असतील तर २,०००. आणि सलग दोन हप्ते चुकले तर उरलेली सगळी रक्कम एकदम देय. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी आकडा तक्त्याशी जुळवून पाहा.