ऑनलाइन १७००, पटावर दीड गुण! पट आणि घड्याळ सुचवा (बजेट १५००)

अडीच_घरं
मंडळी, लॉकडाऊनपासून मोबाईलवर बुद्धिबळ खेळतोय, लिचेस या साइटवर रॅपिड डावांत रेटिंग १७०० च्या आसपास असतं. त्या मस्तीत गेल्या रविवारी ठाण्यात एका ओपन स्पर्धेत नाव दिलं. सहा फेऱ्यांत दीड गुण, त्यातला एक बाय, म्हणजे समोर कोणी नसल्याने फुकट मिळालेला. दुसऱ्या फेरीत समोर नऊ-दहा वर्षांची मुलगी, खुर्चीवर बसल्यावर पाय जमिनीला टेकत नव्हते तिचे. मोबाईलवर घोड्याला बोट लावलं की कुठे जाता येतं ते ठिपके दिसतात ना, त्याच सवयीने मी घोडा उचलला, हवेत धरून विचार केला आणि गुपचूप परत ठेवला. तिने शांतपणे घड्याळ थांबवलं आणि हात वर केला. "सर, टच मूव्ह." म्हणजे हात लावला तो मोहरा हलवायलाच हवा. घोडा हलवला की मागचा वजीर उघडा पडत होता. पडला. शिवाय लांबच्या कोपऱ्यातला उंट मला दिसतच नाही, मोबाईलवर लगेच दिसतो. तर घरी सरावाला पट आणि घड्याळ घ्यायचंय, दोन्ही मिळून १५०० च्या आत. आणि सवय कशी मोडायची तेही सांगा.

निवांत_नाना
१५०० मध्ये काही येत नाही. शिसवी सोंगट्या घ्या, एकदाच घ्या. माझ्याकडे २००६ पासून आहेत, ८ हजाराच्या होत्या तेव्हा, अजून एक घोडासुद्धा तुटलेला नाही.

झोपाळू_हत्ती
सोंगट्या सारीपाटाच्या, बुद्धिबळाचे मोहरे.

निवांत_नाना
आमच्या घरात तीन पिढ्या सोंगट्याच म्हणतात. आजोबा देशी पद्धतीने खेळायचे, प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे. तुम्ही म्हणा मोहरे.

केळफूल
मुलगा चार वर्षं स्पर्धा खेळतोय म्हणून सांगते. गुंडाळायचा व्हिनाइल पट आणि प्लॅस्टिकचे वजनदार मोहरे घ्या, स्पर्धेत बहुतेक तेच असतात. राजा साधारण साडेनऊ सेंटीमीटर उंच आणि घर साडेपाच सेंटीमीटरचं असं बघा. लहान पटावर सराव केलात तर हॉलमध्ये परत तोच घोळ. आणि सेटमध्ये जास्तीचे दोन वजीर आहेत ना ते बघून घ्या, म्हणजे एकूण ३४ मोहरे. माझ्या मुलाने एकदा प्यादं शेवटच्या घरात नेलं, हाताशी वजीर नव्हता म्हणून हत्ती उलटा करून ठेवला आणि घड्याळ दाबलं. पंच म्हणाले उलटा असला तरी हत्तीच. डाव गेला, घरी येईपर्यंत रिक्षात रडत होता. अशा वेळी घड्याळ थांबवून पंचांकडे वजीर मागायचा, हे त्याला आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

डॅलसकर
मी इलेक्ट्रॉनिक बोर्ड घेतला, वायफायने ऑनलाइन जोडतो, समोरच्याची चाल लाइट लागून दिसते. २८ हजार पडले पण वर्थ इट.

मिसळ_जास्त_तिखट
बजेट १५०० आहे साहेब.

डॅलसकर
माहितीसाठी सांगितलं.

उंटावरचा_शहाणा
मुळात लिचेसचे १७०० म्हणजे खरे १७०० नाहीत. तिथे सुरुवातच १५०० पासून होते. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, मार्च २०२४ पासून रेटिंगची खालची मर्यादा १४०० केली, तिथपर्यंत पोचायलाही घाम निघतो, तेव्हा आधी आकडा डोक्यातून काढा.

वऱ्हाडी_वजीर
अन् भाऊ ऑनलाइनले नावं नका ठेवू. आमच्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ ले जॉर्जियातल्या बाटुमीत महिला वर्ल्ड कप जिंकून ग्रँडमास्टर झाली, आजकालची सगळीच पोरं ऑनलाइन बी खेळतात.

उंटावरचा_शहाणा
ती पटावरच जिंकली ना पण!

पिंपळपार
मूळ प्रश्नाकडे येऊ का? मीही असाच हरायचो. आधी सेटिंगमध्ये जाऊन ते ठिपके आणि शेवटच्या चालीचा रंग दोन्ही बंद केले, प्रीमूव्ह, म्हणजे आपली चाल आधीच लावून ठेवायची सोय, तीही बंद. पहिला आठवडा आंधळ्यासारखं वाटलं. मग कोडी स्क्रीनवर सोडवायची नाहीत, पटावर मांडायची आणि चाल पक्की होईपर्यंत दोन्ही हात मांडीखाली. हसू नका, खरंच बसतो मी तसा. ब्लिट्झ, म्हणजे झटपट डाव, सोडून १५+१० (१५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद जास्तीचे) खेळा, बाजूला पट मांडून दोघांच्याही चाली त्यावर करत जा आणि वहीत लिहा. चाल आधी करायची, मग लिहायची, उलटं चालत नाही. ज्या हाताने चाल त्याच हाताने घड्याळ. लांबचा उंट दिसत नाही कारण मोबाईलवर पट वरून दिसतो आणि टेबलावर तिरका, त्यामुळे मागचे मोहरे पुढच्यांच्या आड जातात. मी समोरच्याची चाल झाली की चारही कोपऱ्यांवर एकदा नजर फिरवतो.

झोपाळू_हत्ती
बाजूला पट मांडणं चीटिंग नाही का?

पिंपळपार
आहे ती स्थिती मांडली तर नाही. त्यावर पुढच्या चाली करून बघायला लागलात तर लाइव्ह डावात आहे. दिवसाला एक चाल वाल्या डावात तसं बघायला परवानगी असते. इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा प्रोग्राम, कुठेच नाही.

मिसळ_जास्त_तिखट
आणि मोबाईल घरी ठेवून जा. माझा शेवटच्या फेरीत वाजला, बायकोचा फोन, येताना कोथिंबीर आण. जिंकत आलेला डाव तिथेच हरलो. कोथिंबीर आणली.

केळफूल
व्हिनाइल पटच घ्या. आणि जास्तीचे वजीर बघा.

निवांत_नाना
शिसवी.

अडीच_घरं
सगळ्यांचे आभार. ठिपके बंद केले, काल सलग पाच डाव हरलो, रेटिंग १६४० वर आलंय. हात मांडीखाली घेऊन बसलो तर मुलगी विचारते बाबा थंडी वाजतेय का. खरेदीचं सांगायचं तर काल एका प्रदर्शनात लाकडी घडीचा मॅग्नेटवाला पट दिसला, आतून मखमल वगैरे, मोह आवरला नाही, १४०० ला घेतला. राजा जेमतेम करंगळीएवढा आहे, माहितीये, बोलू नका. घड्याळाला पैसे उरले नाहीत, जुन्या फोनवर ॲप टाकलंय.

पिंपळपार
मग विचारलंत कशाला?

डॅलसकर
त्यापेक्षा माझा बोर्ड सेकंडहँड घेतला असतात.

केळफूल
मोहरे मोजलेत का? किती आहेत?

अडीच_घरं
३२.