हॉटेलासाठी काढलेली चित्रं ऐनवेळी द्यायला नाकारली : रोथको बरोबर होता का?

आडवळण :
१९५८ साली न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवरच्या नव्याकोऱ्या सीग्रॅम इमारतीत ‘फोर सीझन्स’ नावाचं उंची रेस्टॉरंट उघडायचं होतं. त्याच्या भिंतींसाठी चित्रकार मार्क रोथकोला काम मिळालं. मोबदला सुमारे ३५ हजार डॉलर, म्हणजे त्या काळी डोळे पांढरे करणारा. पठ्ठ्याने बावरी भागातली जुनी व्यायामशाळा भाड्याने घेतली आणि मरून, काळा, गडद तांबडा अशा रंगांत तीसएक अवाढव्य कॅनव्हास रंगवले. १९५९ मध्ये रेस्टॉरंट सुरू झाल्यावर बायकोला घेऊन तिथे जेवून आला आणि काम सोडलं. पैसेही परत केले. असल्या जेवणाला एवढे पैसे मोजणारी माणसं माझ्या चित्रांकडे बघणारच नाहीत, असा त्याचा सूर होता.

माझ्या मते हा नुसता आव. बोटीवर भेटलेल्या एका पत्रकाराला तो आधीच म्हणाला होता की या चित्रांनी जेवणाऱ्यांची भूक मेली पाहिजे. ज्याच्या पंगतीला वाढायचं कबूल केलं, त्याच्याच पानात मिठाचा खडा? नको होतं तर काम घ्यायचंच नाही.

रानभूल :
पैसे परत दिले ना? मग फसवलं कोणाला? फ्लॉरेन्सला मायकेलँजेलोने बांधलेल्या ग्रंथालयाच्या जिन्याची जागा रोथकोच्या डोक्यात होती. तिथे भिंतीत खिडक्या आहेत, पण बुजवलेल्या. आत उभं राहिलं की कोंडल्यासारखं वाटतं. त्याला तशी खोली करायची होती, आणि समोरच्यांना हवी होती जेवणामागची शोभा. हे लक्षात यायला एक जेवण लागलं, एवढंच.

भिंतवाला :
मी पुण्यात हॉटेलांच्या भिंती रंगवतो, त्यावरच घर चालतं. मागच्या वर्षी एका मालकाला वारली हवं होतं. मोठा तारपा नाच काढला. मधोमध तारपा वाजवणारा, भोवती हातात हात गुंफलेल्यांचं वेटोळं. दोन महिन्यांनी गेलो तर एसीच्या डक्टसाठी भिंत फोडलेली, नेमका तारपावाला गेलेला. सगळे भोकाभोवती नाचतायत.
रोथको बरोबर की चूक ते तुम्ही ठरवा. मला एवढंच दिसतं की त्याला पैसे परत करता आले. माझा अॅडव्हान्स रंगात आणि मचाणाच्या भाड्यात कधीच गेलेला असतो.

खडूसकाका :
वारली वारल्यांनाच काढू द्या की. लग्नघरी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणींनी लिहायचा चौक तो, तुम्ही बिर्याणीच्या काउंटरमागे काढता.

भिंतवाला :
काका, मुद्दा मान्य. पण काउंटर चाटचा होता.

आडवळण :
@रानभूल, याच रोथकोने १९६४ मध्ये हार्वर्डच्या होलिओक सेंटरच्या सर्वात वरच्या मजल्यावर, भोजनदालनातच, पाच चित्रं लावली. म्हणजे जेवणाचं वावडं नव्हतं, श्रीमंतांचं होतं. आणि हार्वर्डला कोण जेवत होतं, मिलमजूर?

रानभूल :
बरं झालं हार्वर्ड काढलंत. त्या दालनाला मोठमोठ्या काचा. उन्हाने लिथॉल रेड नावाचा लाल रंग उडून गेला आणि १९७९ मध्ये चित्रं कोठारात गेली. भोजनदालनात चित्राचं काय होतं ते यातच आलं.
फोर सीझन्समध्ये तरी काय झालं? तिथे पिकासोने १९१९ साली बॅलेसाठी रंगवलेला पडदा १९५९ पासून टांगलेला होता. २०१४ मध्ये इमारतीचा मालक म्हणाला, मागची भिंत दुरुस्त करायचीय. उतरवला. आता तो न्यूयॉर्कमधल्याच एका वस्तुसंग्रहालयात आहे. २०१६ मध्ये रेस्टॉरंटच त्या इमारतीतून गेलं, खुर्च्या-भांड्यांचा लिलाव झाला. रोथकोची चित्रं तिथे असती तर? त्याने नऊ चित्रं लंडनच्या टेट गॅलरीला दिली. ती पोचली २५ फेब्रुवारी १९७० ला, त्याच दिवशी त्याने न्यूयॉर्कमध्ये आत्महत्या केली. आज त्यांच्यासमोर कोणीही, खिशात दमडी नसताना, तासभर बसू शकतो.

कॉजवेकर :
कुलाब्याला कॅफे मोंडेगारमध्ये या कधीतरी. भिंतभर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडाची माणसं. समोर बिअर, शेजारी गोंगाट, आणि पंधराव्यांदा गेलो तरी कोपऱ्यात एखादं नवं नाक सापडतं. हीच चित्रं पांढऱ्या भिंतीच्या गॅलरीत लावा, निम्मी मजा जाईल. हॉटेलासाठी काढलं म्हणजे दुय्यम, हे कुठून आलं?

आडवळण :
तेच तर म्हणतोय. मारिओला गिऱ्हाईक आवडायचं, रोथकोला नाही. ज्याला खाणाऱ्यांचा राग आहे त्याने खाणावळीचं काम घेऊ नये.

रानभूल :
राग आहे हे कळल्यावर सोडू नये?

भिंतवाला :
सोडावं. मी आता कोटेशनमध्ये लिहितो : भिंत फोडायची तर आधी विचारायचं. दोन मालकांनी सह्या केल्या, तिसऱ्याने काम दुसऱ्या रंगाऱ्याकडून करून घेतलं.

कॉजवेकर :
त्या तारपावाल्याचं पुढे काय?

भिंतवाला :
डक्टवर काढून देऊ का विचारलं. मालक म्हणाला, पत्र्यावर रंग टिकत असेल तर काढा, पण वेगळे पैसे मिळणार नाहीत.

काढला.