‘ट्रेड-ऑफ’ला ‘तडजोड’ म्हणावं का?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धाआधी आखलेल्या विमानवाहू नौकांवरचा एक लेख मराठीत आणतेय. आराखड्याचा विषय निघाला की ‘ट्रेड-ऑफ’ (एक मिळवायला दुसरं सोडणं) पानोपानी येतो. मी सगळीकडे ‘तडजोड’ केलंय, पण वाचताना खटकतंय. दुसरं काही सुचतंय का?

उत्तर : खटकायलाच हवं. तडजोडीला समोर दुसरा माणूस लागतो; दोघंही थोडं थोडं मागे सरतात आणि विषय मिटतो. देशोदेशींच्या नौदलांवर मर्यादा घालणारा १९२२चा वॉशिंग्टन करार ही खरी तडजोड. विमानवाहू नौकांसाठी एकूण वाटा अमेरिका आणि ब्रिटनला प्रत्येकी १,३५,००० टन, जपानला ८१,०००. तिथे तुमचा शब्द तसाच ठेवा. आराखडा काढणाऱ्याच्या समोर मात्र कोणीच नसतं. असतात फक्त मोजून दिलेले टन. तोकड्या पांघरुणासारखं, डोक्यावर ओढलं की पाय उघडे.

अमेरिकेच्या ‘वॉस्प’ या विमानवाहू नौकेचंच बघा. अमेरिकेच्या वाट्यातले उरलेसुरले जेमतेम १५ हजार टन, आणि त्यात आधीच्या मोठ्या ‘यॉर्कटाउन’ नौकेची धाकटी बहीण बसवायची होती. विमानांची संख्या राखली, इंजिनांची ताकद घटवली, टॉर्पेडोपासूनचं संरक्षण जवळपास वगळलं. १५ सप्टेंबर १९४२ला सॉलोमन बेटांच्या परिसरात जपानी पाणबुडीचे टॉर्पेडो लागले, इंधन पेटलं आणि त्याच दिवशी ती सोडून द्यावी लागली. याला ‘तडजोड’ म्हणताना माझा हात अडतो. मी लिहीन, ‘विमानांसाठी संरक्षणावर पाणी सोडलं.’ आपल्याकडे हे काम क्रियापदं फार चोख करतात. नामाच्या मागे लागूच नका.

प्रश्न : वाक्यात जमेल. पण मथळ्यात नाम लागतंच. ‘समतोल’ चालेल?

उत्तर : नको. ‘समतोल’ म्हटलं की दोन्ही पारडी सुखात आहेत असं वाटतं. ब्रिटिशांच्या ‘इलस्ट्रियस’ला २३,००० टनांची मर्यादा होती. तिच्या उड्डाणडेकला ३ इंचांचं चिलखत दिलं. स्वतःच्या हाताची चार बोटं जुळवून बघा, साधारण तेवढं जाड पोलाद, आणि तेही जहाजाच्या अगदी माथ्यावर. इतकं वजन वर चढवलं की जहाज कलंडू नये म्हणून उंची कमी करावी लागते. म्हणून विमानं ठेवायला दोनऐवजी एकच मजला, आणि आराखड्यात विमानं फक्त ३६. जानेवारी १९४१मध्ये जर्मन बॉम्बचे अनेक घाव खाऊनही तिनं माल्टा गाठलं, हे खरं. पण ३६ विमानांत समतोल कुठला? मथळ्याला मी ‘तोलमोल’ घेईन. त्यात वजन आहे आणि किंमतही.

आणखी एकाचं उत्तर : ‘तोलमोल’ उत्तम. मात्र अमेरिकेच्या ‘एसेक्स’ या विमानवाहू नौकेच्या परिच्छेदात तो सरसकट लावू नका. १९३९ला युद्ध पेटलं, कराराचे आकडे गळून पडले आणि आराखडा २७,१०० टनांवर गेला. तरी पनामा कालव्याच्या ११० फूट रुंद लॉकमधून, म्हणजे जहाजं वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या कप्प्यांतून, जायचं होतंच. इथे काही सोडून काही घेतलेलं नाही; जागाच तेवढी आहे. याला साधा ‘अडसर’ हा शब्द पुरे. त्यावरची युक्तीही लेखात असू द्या : डेकच्या डाव्या काठाबाहेर काढलेली विमानांची लिफ्ट कालव्यात शिरताना उभी दुमडून जहाजाच्या अंगाला लावता यायची.