मदत हवी आहे : आईच्या गुदभ्रंशासाठी कोणती शस्त्रक्रिया निवडावी?

माझ्या आईचे वय ७४ असून गेल्या वर्षभरापासून शौचाच्या वेळी तिचे अंग, म्हणजे गुदाशयाचा भाग, गुदद्वारातून बाहेर येतो. सुरुवातीला ते आपोआप आत जात असे. आता तिला डाव्या कुशीवर पडून, बोटांना खोबरेल तेल लावून, तो लालसर, वळ्या पडलेला भाग हलकेच आत ढकलावा लागतो. संकोचामुळे तिने हे कित्येक महिने आमच्यापासून लपवले, याचे मला फार वाईट वाटते.

माझ्या भाच्याला तिसऱ्या वर्षी हाच त्रास झाला होता. परंतु बद्धकोष्ठावर औषध दिल्यावर आणि शौचाला फार वेळ बसवणे बंद केल्यावर तो शस्त्रक्रियेविना बरा झाला. मोठ्या माणसांत मात्र पूर्ण गुदभ्रंश बहुधा शस्त्रक्रियेशिवाय बरा होत नाही, असे सर्जननी स्पष्ट सांगितले. दुर्बिणीतून पोटामार्गे गुदाशय जाळीने वर बांधून घेणे, किंवा कमरेत भूल देऊन खालूनच डेलॉर्म पद्धतीची (बाहेर येणाऱ्या भागाचे अस्तर काढून स्नायूला चुण्या घालण्याची) शस्त्रक्रिया करणे, असे दोन पर्याय आहेत. दुसरी शरीराला सोसणारी, पण त्रास पुन्हा उद्भवण्याची शक्यता तीत अधिक. आईला हृदयविकार असल्याने निर्णय होत नाही.

ज्यांच्या घरातील वृद्धांवर यांपैकी एखादी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी नंतर शौचावरचे नियंत्रण कितपत सुधारले आणि बद्धकोष्ठ वाढले का, हे कृपया कळवावे.